कोलशेतचा खारा चहा

प्रवासवर्णन लिहिणारे सहसा लांब जाऊन येतात. मी कल्याण पूर्वेहून कोलशेतला गेले, तिथून खोपटला, मग डोंबिवलीला आणि परत कोलशेतला. एवढ्याला कुणी बॅगही भरत नाही. तरी लिहितेय, कारण या फेरीत मला चहा भेटला. तो आपण सगळेच रोज पितो, पण भेटलेला फार थोड्यांना असेल.

आधी माझं थोडं सांगते. बाबांचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिकांवर आमचं घर चाललं आणि पत्रकांवर आम्ही वाढलो. नळाचं पाणी, रेशनचा काळाबाजार, सफाई कामगारांचा अडकलेला पगार, अशा मजकुरातून मी वाचायला शिकले. आमच्या घरी ‘चहा घेणार का’ असं विचारत नाहीत, सरळ कप हातात देतात. पणजोबांची कपबशी गावच्या हॉटेलात बाहेरच्या खांबाला टांगलेली असायची, प्यायची त्यांनी आणि धुवायचीही त्यांनीच. ते ऐकून मोठे झालेल्या बाबांनी दारात येणाऱ्या प्रत्येकाला आधी चहा पाजायचा, मग काम विचारायचं, हा नियम केला. तर अशा घरातली मी, चहावर पत्रक लिहायला बसले होते. मथळा झाला होता: ‘तुमच्या कपात कुणाचा घाम?’ बाकीचा मजकूर पुस्तकांतून जमवत होते.

तेवढ्यात सुनीताचा फोन आला. सुनीता ठाण्यात नर्स आहे. आमची ओळख एका रक्तदान शिबिरातली. ती वरच्या आसामातल्या एका चहाबागानात जन्मली. इंग्रजांनी छोटा नागपूरहून जी आदिवासी कुटुंबं मळे लावायला नेली, त्यांतलं तिचं एक. मराठी मात्र आता आमच्यासारखीच बोलते. तिची आई सोमारी अजून बागानात पानं तोडते. थंडीत तिकडची झुडपं छाटून ठेवतात, काम कमी असतं, म्हणून ती रजा काढून लेकीकडे आली होती.

“अगं, तिला परत जायचंय,” सुनीता म्हणाली. “गुडघे गेलेत, पाठ गेलीय, तरी जायचंय. तू बोललीस की लोकांना पटतं. दोन-तीन दिवस फिरव तिला आणि काहीही करून थांबव.”

प्रश्न साधा नव्हता. रजा संपल्यावर सोमारी मौसी हजर झाली नाही तर तिचं नाव कटणार होतं. नाव कटलं की लाइनमधलं, म्हणजे मजुरांच्या चाळीतलं, घरही गेलं, कारण मजुराचं घर बागानाचं असतं. घरातलं कुणीतरी पानं तोडतंय तोवरच ते घर. मी हे ऐकूनच पेटले. ही तर वेठबिगारीच. मी सुनीताला म्हटलं, थांबवते.

कोलशेत

सुनीता जुन्या कोलशेत गावात एका आगरी कुटुंबाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. गच्चीतून एका बाजूला खाडी दिसते आणि दुसऱ्या बाजूला घोडबंदर रोडकडचे टॉवर. मी पोचले तेव्हा सुनीता ड्यूटीवर गेली होती. सोमारी मौसी खालच्या मजल्यावर घरमालकिणीच्या, जनाआजीच्या, पुढ्यात बसून मेथी निवडत होती.

मी दारातच उभी राहिले. आपण मेथी निवडतो तेव्हा एका हातात जुडी असते आणि दुसऱ्या हाताने पान खुडतो. मौसीने जुडी मांडीवर आडवी टाकली होती आणि तिचे दोन्ही हात सुटे चालले होते. नखं लागत नव्हती. अंगठा आणि तर्जनीत देठ येई, एक हलका झटका, की पान तळहातात. मूठ भरली की न बघता परातीत. जनाआजीची जुडी अर्धी झाली नव्हती, तोवर मौसीने बाकीच्या सगळ्या संपवल्या आणि आजीच्या हातातली काढून घेतली. आजी मला म्हणाली, “बघ गो, माझ्या घरान मलाच काम नाय ठेवला हिनं.”

मौसी ठेंगणी, काटक, बोलायला तिखट. तिची बागानी बोली हिंदीच्या जवळची, त्यामुळे आमचं जमलं. मनगटावर स्टीलचं घड्याळ होतं आणि ते एक तास पुढे. मी चूक दाखवली तर तिने मलाच वेड्यात काढलं. आसामच्या मळ्यांत अजून ‘बागान टाइम’ चालतो. तिकडे सूर्य लवकर उगवतो, म्हणून मळ्यांची घड्याळं देशाच्या घड्याळाच्या एक तास पुढे लावलेली असतात. बाहेर भारताची वेळ, फाटकाच्या आत चहाची. मी इतकी पत्रकं वाचली, पण एका झुडपासाठी देशात वेगळी वेळ चालते हे मला कुठेही सापडलं नव्हतं.

मी चहावर पत्रक लिहितेय म्हटल्यावर तिने माझा हात उलटसुलट करून पाहिला. “ई हाथ से पत्ती नहीं टूटेगा,” ती म्हणाली, “खाली कागज फटेगा.”

त्या दुपारी ती चहाच्या झाडाबद्दल बोलत राहिली. हो, झाडच. चहा मुळात झुडूप नाही. मोकळा सोडला तर घराएवढा वाढतो, पांढरी फुलं येतात, मधोमध पिवळा केसर. आपण त्याला वर्षानुवर्षं कापून कापून कमरेएवढा ठेवतो, म्हणजे बाईचा हात पोचेल. त्याला पाऊस भरपूर लागतो, पण मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही. ऊन लागतं, पण कडक नाही, म्हणून मध्ये मध्ये सावलीची उंच झाडं. वरचा माथा टेबलासारखा सपाट राखायचा आणि त्यावर उगवलेली दोन पानं आणि एक कोंब तेवढा खुडायचा. काही दिवसांनी तिथेच नवा कोंब तयार. म्हणजे त्या झाडाला म्हातारं व्हायला आपण वेळच देत नाही.

तिच्या रांगेतली झाडं तिच्यापेक्षा वयाने मोठी. ती तिच्या आईने तोडलेली, आईच्या आईनेही. आज तिचा अंगठा जिथे पडतो तिथेच आजीचा पडलेला. हे ती मेथीच्या काड्या गोळा करता करता सहज सांगत होती.  आमच्या घरात आजीने हात लावलेली वस्तू म्हणजे एक फोटो आणि एक पितळेचा तांब्या.

तरीही मी माझं काम सोडलं नाही. बागानाने तुम्हाला काय दिलं, घर तरी दिलं का, असं सुरू केलं. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि जनाआजीला म्हणाली, “बोलती अच्छा है.”

खोपट

दुसऱ्या दिवशी तिला ठाणं दाखवायला निघालो. तलाव दाखवला, मॉल दाखवला, सुनीताचं हॉस्पिटल बाहेरून दाखवलं. सगळ्याला तिचं एकच उत्तर: “अच्छा है.” शेवटी पाय दुखायला लागले म्हणून खोपटला एसटी डेपोजवळच्या टपरीवर बसलो. आणि तिथे ती जी बसली ती उठेचना.

टपरीवाल्याचं पातेलं कधी रिकामं होत नाही. उकळत्या पाण्यात आलं ठेचून टाकायचं, साखर, मग पावडर, मग दूध. फेस काठाला आला की पातेलं उचलायचं, खाली बसला की परत ठेवायचं. फडक्यातून गाळायचा आणि उंचावरून ओतायचा. मौसीने डब्यातली पावडर चिमटीत घेऊन वास घेतला. तिला ती ओळखू येईना. तिने खुडलेलं पान बोटभर लांब, हिरवंगार. ही तर बारीक काळी भुकटी. मी तिला सांगितलं की या प्रतीला व्यापारी ‘डस्ट’च म्हणतात, धूळ. तिला ते नाव अजिबात आवडलं नाही.

पण ती बघत होती ती माणसं. मुक्कामाची गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर, त्याचा कंडक्टर, रिक्षावाले, फाइल काखेत धरलेला साहेब, हातगाडीवाला. एकाच किटलीतून, एकसारख्या ग्लासातून. कुणी फुंकर मारतंय, कुणी पाव बुडवतंय, एकाने तर अर्ध्या ग्लासावर भांडण मिटवलं. एक गेला की दुसरा येत होता. मौसी एकेक ग्लास मोजत होती.

“इतना आदमी पीता है?” तिने विचारलं. “रोज?”

मी म्हटलं, ही एक टपरी. पुढच्या नाक्यावर दुसरी. प्रत्येक नाक्यावर एक. कल्याणला, डोंबिवलीला, सगळीकडे.

तिने ग्लास खाली ठेवला. तिच्या बागानात पान वजनकाट्यावर जातं आणि तिथून ट्रॅक्टरवर. त्यापुढे त्याचं काय होतं हे तिने कधी पाहिलं नव्हतं. कारखान्याच्या आत रांगेतल्या बायकांना काही काम नसतं. जन्मभर पान खुडलं, पण ते पिणारी माणसं इतकी एकत्र तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ती हळूच हसायला लागली. मग तिने टपरीवाल्याला सुनावलं की तो चहा फार उकळतो, पानाचा जीव जातो. तो म्हणाला, “मावशी, जीव गेल्याशिवाय गिऱ्हाईक नाही येत.” तिने मला त्याचा अर्थ विचारला आणि ऐकून आणखी हसली.

मी तिथेच ठरवलं की आता ही थांबणार. जिथे आपल्या कष्टाचं चीज दिसतं तिथे माणूस रमतो, असं मला वाटलं.

डोंबिवली

तिसऱ्या दिवशी डोंबिवली. माझ्या बाबांचे जुने गिऱ्हाईक जोगळेकर काका तिथे राहतात. ते चहाच्या कंपनीत चवपरीक्षक होते. निवृत्तीनंतर आता आसपासच्या दुकानदारांना पावडरींचं मिश्रण करून देतात. पाकिटांवरची लेबलं आमच्याकडून छापून घेतात. चहाबागानात पानं तोडणारी बाई आणतेय, असं मी कळवलं तर ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते.

समोरच्या खोलीत लांब टेबल, त्यावर पांढऱ्या वाट्यांची ओळ. प्रत्येक वाटीत वेगळी पावडर, पण माप सारखंच, सारखंच पाणी, सारखाच वेळ. काकांनी चमचाभर चहा घेतला आणि ‘सुर्रर्र’ असा भयंकर आवाज करून ओढला. आमच्या घरी असा चहा ओढला की आई डोळे वटारते. काका म्हणाले की आवाजाशिवाय चव कळतच नाही, चहाबरोबर हवा आत गेली पाहिजे, चव निम्मी नाकात असते. मग त्यांनी तो बादलीत थुंकून टाकला. मौसीला चमचा दिला. तिने त्यांच्याहून मोठा आवाज काढला आणि सगळा गिळला. थुंकायला ती तयार होईना. खाण्याची चीज थुंकत नसतात, म्हणाली.

काकांनी आम्हाला तिच्या पानाची पुढची गोष्ट सांगितली. कारखान्यात पान आधी पसरून मलूल करतात. मग चिरडतात, फाडतात, वळतात. मग नुसतं हवेत ठेवतात. चिरलेलं सफरचंद जसं लाल पडतं तसं ते तांब्याच्या रंगाचं होतं, आणि तिथेच त्याचा वास जन्मतो. मग भट्टी. आणि ग्रीन टी? तेच पान. फक्त लाल पडायच्या आत गरम करून थांबवलेलं. ग्रीन टी, काळा चहा, महागातला पांढरा चहा, सगळं एकाच झाडाचं. चार-पाच किलो हिरव्या पानातून किलोभर चहा होतो, बाकी सगळं पाणी उडून जातं. मी सात प्रकारच्या झाडांची कल्पना करून बसले होते, ते सांगायची लाज वाटली नाही, कारण मौसीही तोंड उघडं टाकून ऐकत होती.

मग एक गंमत झाली. एका वाटीवर काकांनी नाक मुरडलं. हा चहा पातळ आहे, कुणीतरी लांब देठ घेऊन खुडलाय, ते म्हणाले. मौसीने वाटीच्या तळाचं ओलं पान बोटाने पसरलं. भर पावसातलं असेल, ती म्हणाली. त्या दिवसांत कोंब इतके फुटतात की हात पुरत नाहीत आणि सरदार, म्हणजे मुकादम, वजनासाठी ओरडत असतो. काकांनी मान डोलावली. त्यांना ते चवीतून माहीत होतं, तिला पाठीवरच्या ओझ्यातून. एकाच वाक्याचे दोन तुकडे दोघांकडे होते आणि ते माझ्यासमोर जुळले.

निघताना काकांनी संकोचत विचारलं, तिचा हात बघू का. तिने पुढे केला. अंगठा आणि तर्जनीच्या कडा काळ्या पडलेल्या, पानाच्या चिकाने, न जाणाऱ्या. काका म्हणाले, “आयुष्यभर पान ओळखत आलो. तोडणारा हात आज पाहतोय.”

परत कोलशेत

संध्याकाळी परतलो तेव्हा जनाआजीने आम्हाला खालीच थांबवलं. तिची सून नयनावहिनी आतून ओरडली की चहा कसा हवा. दूधसाखरेच्या चहाला मौसी एव्हाना कंटाळली होती. ती म्हणाली, “दूध नहीं. थोड़ा मीठा.”

कप आले. मी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. कोरा चहा, खारट. वहिनीने ‘मीठा’ ऐकून मीठ टाकलं होतं.

“आता पावन्यांनी मागितलं तर काय बोलायचं?” वहिनी रडवेली झाली. “मला वाटलं त्यांच्याकडं टाकत असतील.”

मी मौसीकडे पाहिलं. ती कप दोन्ही हातांत धरून बसली होती. पुन्हा एक घोट घेतला. मग आणखी एक. मग तिने विचारलं, इनको कौन बोला?

कुणीच नाही, मी म्हटलं, चुकून झालं. पण वहिनीचा अंदाज बरोबर होता. तिकडे खरंच टाकतात. दुपारी बागानात पाणीवाला डबा घेऊन रांगेपर्यंत येतो. डब्यात मिठाचा कोरा चहा. घामाने अंगातलं मीठ गेलेलं असतं, म्हणून. त्याबरोबर कोवळी पानं कांदा-मिरचीत चुरडून केलेली चटणी. इकडे येऊन इतके दिवस झाले, तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सुनीताने बजावलं होतं, लोक हसतील.

जनाआजी हसली नाही. तिचं माहेर भाईंदरकडचं, मिठागरातलं. लग्नाआधी ती डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहायची. पाय चिरायचे, त्या चिरांत पुन्हा मीठ जायचं. मीठ पिकतं, असं आगरी माणूस म्हणतो, भातासारखं. कडक ऊन असलं की पीक चांगलं. मी मौसीला हिंदीत सांगत होते, पण निम्म्या गोष्टी दोघी हातांनीच सांगून मोकळ्या होत होत्या. टोपली इथे टेकायची, पट्टा इथे रुतायचा. मौसीने कपाळावरची पट्ट्याची खूण दाखवली, आजीने टाळूवरचे विरळ झालेले केस.

आणि मग आजी म्हणाली, “आमचा शेत टॉवरवाल्याला दिला. वाईट नाय जाला. पोरांचा भला जाला, घर जाला, गाडी आली. पर सकाली उठून जायचा कुठं, ता कलत नाय.”

हे मी मौसीला सांगितलं. नाही सांगितलं असतं तरी चाललं असतं. तिने कप वहिनीपुढे धरला आणि आणखी मागितला, तसाच.

सुनीता ड्यूटीवरून आली ती थेट तिथेच. आईने तिला चप्पलही काढू दिली नाही. मी जाणार, म्हणाली. छाटलेल्या झाडांना आता कोंब धरतील. बागानाच्या हजेरीबाबूला फोन कर, माझी रांग दुसऱ्या कुणाला देऊ नको म्हणावं.

सुनीता माझ्याकडे वळली. “तू गप्प का? सांग ना हिला.”

मला सांगायचं तर खूप होतं. ते घर तिचं का नाही? तीन पिढ्यांनी जिथे आयुष्य काढलं, तिथे राहायचं भाडं म्हणून अजून पाठ का मोडायची? मी तेच विचारलं, आणि माझा आवाज चढला. मौसीने मान हलवली. “हाँ. ई लिख. घर हमारे नाम पे होना, ई बड़ा-बड़ा लिख. मजूरी बढ़ना चाहिए, लिख. लेकिन हमको कोई छुड़ाओ, ऐसा मत लिख.”

मी तेव्हाच मान्य केलं की माझ्या पत्रकाचा ‘त्यांना सोडवा’ म्हणणारा शेवटचा परिच्छेद गेला. राग गेला नाही. उलट आता त्याला नेमका पत्ता मिळाला होता.

सुनीताचा मात्र बांध फुटला. मी ही खोली कुणासाठी घेतली, रात्रपाळ्या कुणासाठी करते, तिथे पडलीस तर उचलायला कोण आहे. ती मराठीत भांडत होती आणि आई बागानीत, तरी दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. शेवटी मौसी उठून तिच्यासमोर गेली.

“हम तेरी नौकरी माँगा क्या?” ती म्हणाली. “तो तू हमारी काहे माँगती है?”

 वहिनी गॅसपाशी तशीच उभी. सुनीता खाली बसली, आजीच्या शेजारी जमिनीवर, पर्स अजून खांद्यालाच. काही वेळाने तिने आईच्या हातातला कप घेतला, उरलेला चहा प्यायली आणि डोळे पुसत वहिनीकडे पाहिलं.

“मीठ जास्त पडलंय, वहिनी,” ती म्हणाली. “बागानात एवढं नसतं.”

मग तिने गाडीचं तिकीट काढायला फोन हातात घेतला आणि आईला तिच्या बोलीत विचारलं, खिडकीची जागा चालेल ना.